कट-कट थांबली आणि तोंड दोन बोटांवर अडकलं: जबड्याचे व्यायाम नक्की कसे करायचे?

शाळेतली_बाई

नमस्कार मंडळी. वाईजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वय ४१. प्रश्न लांबलचक आहे. पण अर्धवट लिहिलं की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळंच लिहिते.

माझ्या उजव्या जबड्यात कॉलेजात असल्यापासून कट्-कट् वाजायचं. जांभई दिली की कट्, पेरूला दात लावला की कट्. दुखत नव्हतं, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. डबा खाताना शेजारच्या वर्गाच्या बाई तर मुद्दाम कान लावून ऐकायच्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका सकाळी उठले तर आवाज गायब, आणि तोंडच उघडेना. दोन बोटं कशीबशी जातात, तिसरं शिरत नाही. आरशासमोर आ केला की हनुवटी उजवीकडे पळते. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवलं की कळ येते. संध्याकाळपर्यंत कानशील जड होतं.

आधी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी कान स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. दातांच्या डॉक्टरांनी ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्याचा एक्स-रे) काढला, त्यात दाढा ठीक. मग एमआरआय झाला. त्यात उजव्या सांध्यातली चकती पुढे सरकली आहे आणि तोंड उघडताना जागेवर येत नाही, असं निघालं. स्प्लिंट (रात्री दातांवर बसवायची पट्टी) लावा आणि फिजिओ घ्या, असा सल्ला मिळाला. फिजिओकडे गेले तर बाहेर ही रांग. त्यांनी घाईत सगळं दाखवलं आणि हातात एक झेरॉक्स दिली. तिच्यावर सहा चित्रं. झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली, त्यामुळे चित्रातल्या माणसाची जीभ कुठे आणि अंगठा कुठे ते कळायला मार्ग नाही. गाव लांब, शाळा सोडून दर आठवड्याला जाणं जमत नाही.

घरी सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात हाडवैद्याकडून जबडा बसवून घे. दीर म्हणतात रोज लाकडी पाचर दातात धरून थोडी-थोडी वाढवत जा. व्यायाम केला की दुखतं, मग मी घाबरून दोन दिवस सोडून देते, मग परत सुरू.

मला हे हवंय: व्यायाम करताना दुखलं तर चालतं का, आणि किती? दिवसातून किती वेळा? स्प्लिंट लावलाच पाहिजे का? आणि चकती जागेवर येते का कधी? भाकरी आमटीत कुस्करून खातेय, त्याचं काही नाही. पण पाणीपुरी फोडून चमच्याने खावी लागते, हे काही खरं नाही.

लोकलचा_प्रवासी

बाई, घाबरू नका. माझी खालची अक्कलदाढ काढली तेव्हा असंच झालं होतं, तोंडात चमचासुद्धा आडवा करून घालावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, भूल देताना सुई आतल्या स्नायूला लागते, तो आखडतो. गरम पाण्याच्या गुळण्या, बाहेरून शेक आणि च्युइंगम चघळायला सांगितलं. काही आठवड्यांत आपोआप सुटलं. तुम्हीपण च्युइंगम सुरू करा, स्वस्त आणि मस्त.

मिरजेची_फिजिओ

च्युइंगम नको! प्रवासीदादा, तुमचा सल्ला तुमच्या दुखण्याला बरोबर होता, बाईंच्या नाही. तुमचा स्नायू आखडला होता, बाईंचा सांधा अडकला आहे. बाहेरून दोन्हींत तोंड दोनच बोटं उघडतं, म्हणून लोक एकमेकांचे उपाय करत बसतात. मी मिरजेत दातांच्या डॉक्टरांकडून आलेले असेच पेशंट बघते. दहातले बरेच जण आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून पाचर, चमचा, बाटलीचं बूच असलं काही करून सांधा सुजवून आलेले असतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी सांध्याचं. जबडा नुसता बिजागरीसारखा फिरत नाही. पहिले साधारण वीस-पंचवीस मिलिमीटर तो जागच्या जागी फिरतो. त्यापुढे उघडायचं तर कानापुढची हाडाची गोल टोकं खाचेतून निघून पुढे, खाली घसरावी लागतात. तुमच्या दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून हळू आ करा, घसरताना कळतं. हाड आणि कवटी यांच्यात एक चिवट चकती असते, तिने हाडाबरोबर पुढे जायचं असतं. तुमची चकती वर्षानुवर्षं थोडी पुढे सरकलेली होती. तोंड उघडताना हाड तिच्याखाली उडी मारून शिरायचं, तो तुमचा कट् आवाज. आता ती उडी होत नाही, चकती वाटेत आडवी. म्हणून आवाज बंद आणि घसरणं बंद, राहिलं फक्त फिरणं. डावी बाजू पुढे जाते, उजवी जागेवरच, म्हणून हनुवटी उजवीकडे ओढली जाते. आवाज गेला म्हणून बरं वाटून घेणारे पुष्कळ असतात, तुम्ही निदान डॉक्टर गाठलात.

आता एक गोष्ट घरी बघा. दात किंचित सुटे ठेवून खालचा जबडा डावीकडे सरकवा, मग उजवीकडे. डावीकडे कमी जातो ना? कारण डावीकडे जायला उजवं हाड पुढे घसरावं लागतं. हे लक्षात ठेवा, व्यायामात याचा उपयोग आहे.

मोजमाप: प्लास्टिकची पट्टी घ्या, वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत मिलिमीटर मोजा. मोठ्या माणसाचं साधारण ४० किंवा जास्त असतं, आणि स्वतःची तीन बोटं उभी जाणं हे त्याचंच घरगुती माप. ३५ च्या खाली आम्ही कमी धरतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी मोजायचं. उठता-बसता पट्टी लावली तर व्यायाम होत नाही, नुसती काळजी होते.

आता झेरॉक्स बाजूला ठेवा.

सगळ्यात आधी जबड्याची विश्रांतीची जागा. 'न' म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे जिथे टेकतं, तिथेच राहू दे. ओठ मिटलेले, दात सुटे, श्वास नाकाने. वरचे-खालचे दात एकमेकांना फक्त घास चावताना आणि गिळताना लागायला हवेत, एरवी त्यांच्यात दोन-चार मिलिमीटर फट. तुम्ही वह्या तपासताना दात आवळून बसता का ते बघा. बसत असणार! तुम्ही सहा वेळा व्यायाम करणार मिळून अर्धा तास, आणि दात आवळणार बाकीचा दिवसभर. मग हिशोब कुठे लागणार? वर्गातल्या घड्याळावर एक टिकली चिकटवा. नजर तिकडे गेली की दात सुटे करायचे, खांदे सोडायचे. पोरं विचारतील, विचारू देत.

दुसरं, जीभ टाळूला टेकवून आ करणं. आरशासमोर, हनुवटी मध्यभागी ठेवून, जीभ सुटायला लागेल तिथपर्यंतच. यात सांधा फक्त फिरतो, घसरत नाही, म्हणून दुखऱ्या दिवशीही चालतं. सहा वेळा, दिवसातून सहादा. हे सहा-सहाचं गणित मारियानो रोकाबादो या चिलीच्या फिजिओथेरपिस्टच्या व्यायामांतून आलेलं आहे. तुमच्या कागदावर सहा चित्रं आहेत ती बहुधा त्याचीच. मी सहाच्या सहा कधी कुणाला पहिल्याच दिवशी देत नाही, लोक गोंधळतात आणि काहीच करत नाहीत.

तिसरं, तुमच्यासाठी खास. पुढच्या दातांमध्ये पेन्सिल आडवी हलकेच धरा, चावायची नाही. खालचा जबडा सावकाश डावीकडे न्या, दोन-तीन सेकंद थांबा, मध्यावर या. मग सरळ पुढे काढा, खालचे दात वरच्यांच्या पुढे आणायचा प्रयत्न, आणि परत. जिथे अडल्यासारखं वाटतं तिथे नुसतं टेकायचं, धक्का मारायचा नाही. हाच तो अडकलेला भाग हळूहळू घसरायला शिकवायचा व्यायाम.

चौथं, शेकानंतरचा ताण. गालावर आणि कानापुढे पंधरा मिनिटं ओला गरम शेक द्या. टॉवेल गरम पाण्यातून पिळून काढा, त्याने पोळत नाही. मग अंगठा वरच्या पुढच्या दातांवर, तर्जनी खालच्या दातांवर, कात्रीसारखी बोटं ठेवून सावकाश उघडा. ओढ जाणवली की तिथे थांबा, पंधरा-वीस सेकंद, नाकाने श्वास चालू. सोडा. चार-पाच वेळा, दिवसातून दोन-तीनदा पुरे. पुढच्या दाताला कॅप असेल किंवा दात हलत असेल तर हे बोटांनी करू नका, आधी विचारा.

आता दुखण्याचं. गालात ओढ, ताण, थोडं ठसठसणं चालतं. कानापुढे सुई टोचल्यासारखी कळ आली तर तिथून मागे या. व्यायामानंतरचं दुखणं तासा-दोन तासांत उतरलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड आदल्या दिवशीपेक्षा कमी उघडलं तर जोर जास्त झाला, निम्म्यावर या. बंद करू नका, निम्म्यावर या. दोन दिवस सोडून परत पूर्ण जोराने सुरू करणं हे सांध्याला सगळ्यात वाईट.

चकती जागेवर येते का? कधी येते, बऱ्याचदा येत नाही. पण तिच्या मागचा मऊ भाग हळूहळू निबर होतो, तोच चकतीसारखं काम करायला लागतो. चकती पुढेच राहिलेली आणि तोंड चाळीस उघडतंय, दुखत नाही, असे पेशंट खूप. म्हणून एमआरआयच्या रिपोर्टकडे बघत बसू नका, पट्टीकडे बघा. वेळ आठवड्यांचा नाही, महिन्यांचा धरा.

आणि एक काम तुम्हाला स्वतःला करता येणार नाही. ग्लोव्ह घालून अंगठा खालच्या दाढांवर ठेवून जबडा खाली दाबत पुढे ओढणं. ते शिकलेल्या हातानेच व्हायला हवं. अडकून थोडेच आठवडे झाले असतील तेव्हा त्याचा जास्त उपयोग होतो. त्यामुळे दर आठवड्याला नाही जमलं तरी सुरुवातीला काही वेळा जा. हाडवैद्याकडे मात्र नाही, सासूबाईंना माझं नाव सांगा. निखळलेला जबडा बसवतात, तुमचा निखळलेलाच नाही. दिरांची पाचर चुलीत घाला.

शाळेतली_बाई

ताई, किती उपकार! पहिल्यांदा कुणीतरी 'का' ते सांगितलं. पट्टी लावली, २७ भरलं. डावीकडे खरंच कमी सरकतो, उजवीकडे व्यवस्थित. आणि वह्या तपासताना बघितलं, दात तर आवळलेले होतेच, वर डाव्या हातावर हनुवटी टेकवून बसले होते.

दोन शंका. मला दिवसभर मोठ्याने बोलावं लागतं, कविता म्हणून दाखवाव्या लागतात, त्याने बिघडेल का? आणि रात्री मी दात खाते असं आमचे हे सांगतात. सासूबाईंचं म्हणणं पोटात जंत झालेत, म्हणून त्यांनी मला जंताची गोळीपण दिली.

मिरजेची_फिजिओ

गोळीने जंत जातील, असले तर. रात्री दात खाण्याशी जंतांचा संबंध लावायची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण त्याला आधार नाही. ताणतणाव, अपुरी झोप, संध्याकाळचा चहा-कॉफी, घोरण्याचा त्रास, काही औषधं, असली कारणं बघायला हवीत.

हनुवटीखालचा हात काढा, तो जबड्याला मागे आणि एका बाजूला ढकलतो. वही डोळ्यांच्या पातळीला येईल असा उतरता फळा किंवा दोन जाडजूड पुस्तकं खाली ठेवा. मान पुढे काढून बसलं की जबडा मागे ओढला जातो, हे स्वतःवर करून बघा: मान पुढे काढून दात हळूच टेकवा, मग सरळ बसून टेकवा, दात वेगळ्या जागी लागतात.

बोलण्याने बिघडत नाही, उलट हालचाल हवीच. ओरडणं टाळा. जांभई येते तेव्हा जीभ टाळूला लावून ठेवा, तोंड आपोआप जास्त उघडत नाही. खाण्यात भाकरी कुस्करून चालेल, पण महिनोन्महिने पेजेवर राहू नका, स्नायू आळशी होतात. दोन्ही बाजूंनी चावा. पेरू चिरून, मक्याचे दाणे काढून. संक्रांतीला गुळाची पोळी खा, चिक्कीकडे बघू नका. सुपारी बंद.

दातोबा_ठाणे

मी दंतवैद्य आहे. ताईंनी लिहिलं आहे ते बरोबर, पण स्प्लिंटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अलगद टाळलं, म्हणून मी लिहितो.

स्प्लिंट म्हणजे अख्ख्या वरच्या किंवा खालच्या दातांवर बसणारी कडक अॅक्रिलिकची सपाट पट्टी, रात्री घालायची, सकाळी काढायची. बाई रात्री दात खातात, त्यामुळे दात झिजण्यापासून त्यांना संरक्षण मिळेल. सकाळी उठल्यावर कानशील जड होत असेल तर तेही बऱ्याच जणांचं हलकं होतं. नुसते पुढचे दोन-चार दात झाकणारी छोटी पट्टी बाजारात मिळते, ती सतत घातली तर मागच्या दाढा वर येऊन चावा बदलू शकतो. ती नको. आणि कुणी 'चावा जुळवण्यासाठी' दात घासून देतो म्हणालं तर तिथून उठा. घासलेला दात परत येत नाही.

मिरजेची_फिजिओ

दातोबा, टाळलं नाही, तुमच्यासाठी ठेवलं होतं. :) एका मुद्द्यावर मात्र आपलं जमणार नाही. दात झिजू नयेत म्हणून स्प्लिंट, कबूल. दुखण्यावरचा पहिला उपाय म्हणून मात्र नाही. २०२३ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर शिफारशी आल्या. त्यात देखरेखीखाली केलेले जबड्याचे व्यायाम आणि ताण, थेरपिस्टने हाताने सांधा हलवणं, विचार-वर्तन उपचार (समुपदेशनातून विचार आणि सवयी बदलणं, सीबीटी) यांना ठाम होकार आहे. काढता-घालता येणाऱ्या स्प्लिंटच्या बाबतीत कल नकाराकडे आहे, तो ठाम नाही. माझा अनुभवही तसाच. पट्टीला हजारो रुपये गेले की माणसाला वाटतं उपचार झाला, आणि व्यायामाचा कागद फ्रिजवर वाळत राहतो.

दातोबा_ठाणे

त्या शिफारशी सगळ्या प्रकारच्या जुनाट दुखण्यांना एकत्र धरून आहेत. रात्री दात खाऊन दाढेचा तुकडा पाडलेला माणूस माझ्या खुर्चीत बसतो तेव्हा मी त्याला पट्टी देणारच. बाईंना सांगायचं ते एवढंच: खर्च जमत नसेल तर व्यायाम आधी, पट्टी नंतर. आणि तीन-चार महिने नीट करूनही तोंड तीस मिलिमीटरच्या आसपासच अडलं, तर मुखशल्यचिकित्सकांना दाखवा. दोन सुयांनी सांधा धुऊन काढतात, तेवढ्यानेही काहींचा सुटतो. मोठ्या ऑपरेशनचं नाव पहिल्याच भेटीत काढणाऱ्याकडून दुसरं मत घ्या. मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय, दोन्हीकडे हा विभाग आहे, खर्चही खासगीपेक्षा खूप कमी.

बाळू_नागपूर

धागा वाचून राहिलो होतो, म्हटलं आपणही लिहावं. माझंही तोंड दोन बोटं. पण माझ्या जबड्यात ना कट् आवाज होता, ना कानापुढे दुखणं. आधी तिखट लागायला लागलं. म्हणजे साधं वरण-भात खाल्लं तरी तोंडात आग. सावजीची तर गोष्टच सोडा. मग हळूहळू शिट्टी वाजेना, फुगा फुगवता येईना, गाल आतून दोरीसारखे ताठ. मी म्हटलं उष्णता झाली असेल, गुलकंद खाल्ला.

कारण सगळ्यांना माहीत आहे. खर्रा. आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून देतात, कॉलेजच्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळेच खातात. गुटखा २०१२ मध्ये महाराष्ट्रात बंद झाला, पण सुपारी कुठे गेली? डॉक्टरांनी गालाच्या आत बोट फिरवलं आणि म्हणाले, सबम्युकस फायब्रोसिस, म्हणजे गाल आतून ताठ होत जाण्याचा आजार. मी म्हटलं तंबाखू सोडतो, नुसती सुपारी चघळतो. तर म्हणाले, अरे बाबा, गाल ताठ करते ती सुपारीच.

मला आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या. पुढच्या दातांमध्ये उभी गड्डी घालायची, बसतील तेवढ्या, आणि थोडा वेळ ठेवून मधोमध आणखी एक सरकवायची. एक काडी साधारण दोन मिलिमीटरची. गालात हवा भरून फुगवायचं, इकडून तिकडे खेळवायची. गालात इंजेक्शनंही घेतली. खर्रा सुटला, आग पुष्कळ कमी आहे, काड्या वाढल्या पण पूर्ण नाही उघडलं. आता ताईंनी सांगावं, मी काड्या जोरात घालतो ते बरोबर करून राहिलो की नाही? वर तर तुम्ही पाचर चुलीत घाला म्हटलं.

मिरजेची_फिजिओ

बाळूभाऊ, बरं झालं लिहिलंत. हे वाचणाऱ्यांत बाईंसारखे कमी आणि तुमच्यासारखे जास्त असतील.

तुमचा सांधा बरा आहे, आजूबाजूचं कातडं आखडलं आहे. सुपारीतल्या अॅरेकोलीन या द्रव्यामुळे गालाच्या आतल्या थरात तंतू साठून ताठ पट्ट्या होतात, लवचीकपणा जातो. त्या पट्ट्यांना लांब वेळ ठेवलेला स्थिर ताण लागतो, म्हणून तुम्हाला काड्या चालतात आणि बाईंना नाही. मात्र जोराने ठोकायच्या नाहीत. गड्डी बसली की पाच-दहा मिनिटं थांबा, गाल सैल पडू द्या, मग एक काडी. रक्त आलं, गाल आतून फाटला, तर थांबायचं आणि भरू द्यायचं. पुढचे दात हलत असतील तर काड्या दोन्हीकडच्या दाढांमध्ये. पट्ट्या कापायचं ऑपरेशन कधी करावं लागलं तर त्यानंतर हे व्यायाम कित्येक महिने सोडायचे नाहीत, नाहीतर जखम भरताना तोंड परत बंद होतं.

आणि हे व्यायामापेक्षा महत्त्वाचं: या आजारात पुढे कर्करोगाचा धोका असतो, खर्रा सोडल्यावरही. सहा महिन्यांनी तोंड दाखवत चला, तुमच्याकडे नागपूरचं सरकारी दंत महाविद्यालय आहेच. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, मानेत गाठ, यातलं काही दिसलं तर सहा महिने थांबायचं नाही, दुसऱ्या दिवशी जायचं.

हे सगळ्यांसाठीच लिहून ठेवते. ताप आणि गालावर सूज घेऊन तोंड बंद झालं असेल तर तो जंतुसंसर्ग, आधी डॉक्टर. जखम झाल्यावर दातखीळ बसली आणि मान-पाठ ताठ व्हायला लागली तर धनुर्वात, सरळ मोठं इस्पितळ. चालताना, जिना चढताना जबडा दुखतो आणि बसलं की थांबतो, तर जबडा नाही, हृदय तपासा. पन्नाशीनंतर चावताना जबडा दमतो, कपाळाच्या बाजूला दुखतं, केस विंचरताना डोकं हुळहुळतं, नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी दाखवा, डोळ्याला धोका असतो. यातल्या कशालाही शेक आणि व्यायाम हे उत्तर नाही.

शाळेतली_बाई

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सातारच्या त्या फिजिओंकडे परत गेले, या वेळी दुपारी, गर्दी नसताना. त्यांना सरळ सांगितलं की झेरॉक्स दिसत नाही. त्यांनी हसून स्वतःच्या हाताने दाखवलं, आणि ते दाढेवर अंगठा ठेवून ओढणं पण केलं. दुखलं, पण बाहेर पडताना तोंड आधीपेक्षा जास्त उघडत होतं. आता पट्टीवर ३४ येतं. स्प्लिंट अजून केला नाही.

घड्याळावरची टिकली तिसरीच्या पोरांनी ओळखली. मी दात आवळले की पहिल्या बाकावरची एक जण नुसतं बोट दाखवते घड्याळाकडे.

एकच काळजी: परवा जांभई देताना उजवीकडे परत कट् झालं. आवाज परत येणं चांगलं की वाईट?

मिरजेची_फिजिओ

३४, छान! आवाज परत येणं बहुतेक वेळा वाईट नाही. हाड पुन्हा चकतीखाली शिरायला लागलं असेल, किंवा नुसतं जास्त पुढे घसरायला लागलं असेल. नक्की काय ते आवाजावरून सांगता येत नाही. दुखलं नाही आणि आकडा घसरला नाही तर दुर्लक्ष करा. पण 'परत होतंय का बघू' म्हणून दिवसभर कट्-कट् काढत बसायचं नाही, सगळे हेच करतात. बोटांचा ताण आता दिवसातून दोनदा पुरे, डावीकडे सरकवणं चालू ठेवा. सकाळी जबडा अडकून पाच-दहा मिनिटं सुटत नाही असं झालं तर कळवा.

अलिबागकर

माझ्या आईचं वय ७२, कवळी आहे. जांभई दिली की जबडा उघडाच राहतो, बंद होत नाही. दोनदा दवाखान्यात नेऊन बसवून आणला. हेच व्यायाम तिला दिले तर चालतील का? काड्यांचा उपाय सोपा वाटतोय.

मिरजेची_फिजिओ

नाही! आईंचं बरोबर उलटं आहे. त्यांचा सांधा प्रमाणाबाहेर पुढे घसरतो आणि मागे येत नाही. या धाग्यातला उघडण्याचा एकही ताण त्यांना नको, काड्या तर नकोतच. जांभई आली की हनुवटीखाली मूठ आणि जीभ टाळूला, मोठा घास नाही, दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या तर आधीच सांगायचं की तोंड फार वेळ उघडं ठेवू नका. कवळी जुनी होऊन झिजली असेल तर तीही तपासून घ्या. दोनदा निखळला म्हणजे तिसऱ्यांदा निखळेल असं धरून मुखशल्यचिकित्सकांना दाखवा, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत त्यांची यादी बरोबर न्या, उलटी आणि चक्करेवरच्या काही गोळ्यांनीही असं होतं. बाकी तपशील वेगळा धागा काढून विचारा, इथे दोन्ही मिसळले तर कुणीतरी चुकीचा व्यायाम उचलेल.